गाण्याचा जमाखर्च

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालेला रस्ता नक्षत्रवाडी आणि कांचनवाडी मागे टाकून बिडकीनच्या दिशेला लागला, की चौदाव्या किलोमीटरच्या दगडाच्या आसपास चितेगाव येते. सरकारी दफ्तरात पैठण तालुक्यातील एक गाव एवढीच त्याची नोंद. परंतु ज्या पिढीने आपल्या घरी आलेला पहिला रंगीत टीव्ही नवसाच्या मुलाप्रमाणे न्याहाळला, तिच्यापैकी पुष्कळांनी त्या खोक्यावरच्या बारीक अक्षरांत या गावाचे नाव, लक्षात राहिले नसले तरी, वाचलेले असणार. कारण व्हिडिओकॉनचा कारखाना आणि त्या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय याच शिवारात होते. घराघरांत चित्र आणि ध्वनी पोहोचवण्याच्या त्या धंद्यावर इथल्या आणि आसपासच्या खेड्यांतील कित्येक संसार उभे राहिले. पुढे कंपनी कर्जात बुडाली आणि जून २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्यावरील दिवाळखोरीची कार्यवाही दाखल करून घेतली, तेव्हा त्याच खेड्यांतील माणसांच्या खिशात तळहाताएवढ्या काचेवर जगातले वाटेल ते गाणे वाजू लागून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. या दोन गोष्टींचा परस्परांशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. कंपनी बुडाली ती तिच्या स्वतःच्या व्यवहारांमुळे. पण एकाच रस्त्याच्या कडेला एक युग मोडीत निघताना आणि दुसरे रुजताना दिसावे, असे स्थळ शोधूनही सहजासहजी सापडत नाही.

हा रस्ता नाथांचाही आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला जाणाऱ्या दिंड्या याच वाटेने टाळ-मृदंग वाजवीत जातात. सोळाव्या शतकात एकनाथांनी रचलेली भारुडे ना छापखान्याच्या, ना ग्रामोफोन कंपनीच्या, ना आकाशवाणीच्या आधाराने, केवळ कंठाच्या आणि पायांच्या बळावर मराठी मुलखाच्या कानाकोपऱ्यांत गेली. तेव्हा गाण्याच्या प्रसाराला यंत्र लागतेच असे नाही. यंत्र आले म्हणजे बदलते ते वेगळेच काही: गाण्याची नोंद कोणाच्या वहीत होते, त्याचा वसूल कोणाच्या खात्यावर पडतो आणि ते कोणाच्या नावाने ओळखले जाते. इंटरनेटने संगीताचे काय केले याची चर्चा आपल्याकडे बहुधा स्तुतीच्या नाही तर शोकाच्या सुरात होते. मला ती एखाद्या कुळकर्ण्याने जमाखर्च तपासावा तशी करावीशी वाटते.

प्रथम जुन्या व्यवहाराची कैफियत. १९०२ साली गौहरजानसारख्या गायिकांच्या आवाजांत हिंदुस्थानात तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला, तेव्हापासून पाऊणशे वर्षे या धंद्याचा मक्ता जवळजवळ एका ग्रामोफोन कंपनीकडे होता. तबकडीवर कोणी गावे, काय गावे आणि तीन-सव्वातीन मिनिटांत किती गावे याचा निर्णय कंपनीचा असे. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि हा मक्ता मोडला. कॅसेट काढायला भांडवल थोडे लागे, खेड्यातल्या दुकानात ती चहाच्या पुड्यांशेजारी विकता येई, आणि म्हणून जे गाणे तबकडीच्या दृष्टीने गाणेच नव्हते, ते सारे, म्हणजे भारूड, गोंधळ, गवळण, भीमगीत, कव्वालीचा सवाल-जवाब, एकाएकी बाजारात आले. प्रल्हाद शिंदे यांचा भरदार आवाज आणि त्यांच्यामागून आनंद व मिलिंद शिंदे या पुत्रांचे आवाज गावोगावच्या जत्रांत आणि जयंत्यांत घुमले, त्यात या प्लास्टिकच्या डबीचा वाटा मोठा होता.

मात्र मराठवाड्याच्या बाबतीत एक गोष्ट विसरता कामा नये. ज्याला आज ‘स्वतंत्र कलावंत’ म्हणतात, तो इथे इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत, वामनदादा कर्डकांपासून नामांतराच्या लढ्यात रस्त्यावर गाणाऱ्या अनाम शाहिरांपर्यंत, ही सारी परंपरा कोणत्याही कंपनीच्या ताटाखालचे मांजर नव्हती. गाणे स्वतः रचायचे, स्वतः चाल लावायची, पदरमोड करून चोपडी छापायची आणि १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला पथारी मांडून ती विकायची, ही वहिवाट जुनी. चोपडीच्या जागी कॅसेट आली, कॅसेटच्या जागी व्हीसीडी आली. जयंतीच्या तोंडावर नवी गाणी काढण्याचा शिरस्ता मात्र तसाच चालत राहिला, आणि आज मार्च उजाडला की यूट्यूबवर भीमगीतांची जी रीघ लागते, ती त्याच पथारीची पुढली आवृत्ती होय.

व्हीसीडी आणि यूट्यूब यांच्या मधल्या एका टप्प्याचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला माझ्या वाचनात नाही, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो. बाजाराच्या गावी, एसटी थांब्यालगतच्या मोबाइल-दुरुस्तीच्या टपरीवर ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असे. आत काळवंडलेल्या कळांचा एक संगणक, त्यात दुकानदाराने स्वतःच्या अकलेने लावलेले कप्पे: जुनी हिंदी, नवी हिंदी, लावणी, भक्तिगीत, भीमगीत, कव्वाली, डीजे, आणि बहुतेक ठिकाणी ‘मिक्स’ या नावाचा एक कप्पा, ज्यात बाकी कुठे न मावणारे सगळे. दहा-वीस रुपये टेकवले की पोराने गिऱ्हाइकाकडे एकवार पाहावे, ‘काय टाकू?’ म्हणून विचारावे, आणि ‘टाक काही पण चांगलं’ असे उत्तर आले की त्याच्या वयावरून, गळ्यातल्या माळेवरून किंवा मनगटावरच्या निळ्या धाग्यावरून अदमास बांधून दोन-तीनशे गाणी भरून द्यावीत. हा सारा व्यवहार कायद्याने चोरीचा होता आणि त्यातला एक छदामही गाणाऱ्याला मिळत नव्हता, हे खरेच. परंतु आज ज्या शिफारस करणाऱ्या यंत्रगणिताचे एवढे कौतुक होते, त्याचे काम तो टपरीवाला पोरगा करीत होता. आणि त्याची शिफारस चुकली तर दुसऱ्या बाजारच्या दिवशी येऊन त्याच्याशी भांडता येत होते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, आरंभीचे काही महिने फुकट आणि पुढे नाममात्र दराने, आणि त्या टपऱ्यांचा हा धंदा बघता बघता बसला. गाणी भरून घेण्याचे कारणच उरले नाही. सावन, गाना, विंक हे देशी मंच होतेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले. मात्र चितेगाव-बिडकीनच्या परिसरात संगीताचे इंटरनेट म्हणजे मुख्यतः यूट्यूब, आणि काही काळ टिकटॉक. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्या एका हुकुमाने ग्रामीण महाराष्ट्रातल्या कित्येक गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचे वर्षानुवर्षे जोडलेले श्रोते रातोरात नाहीसे झाले. त्या हुकुमाच्या युक्तायुक्ततेत मी शिरत नाही. भाड्याच्या जागेत थाटलेल्या दुकानाची अवस्था काय असते, ते मात्र त्या दिवशी पुष्कळांच्या ध्यानात आले.

या बदलाने ज्यांचे आयुष्य पालटले, त्यांत याच जिल्ह्यातील कडूबाई खरात यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पतीच्या निधनानंतर हातात एकतारी घेऊन दारोदार गात मुलांना वाढवणारी ही बाई. तिच्या आवाजात उच्च शिक्षितांच्या मैफलीतला तलम मुलायमपणा नाही, शब्दोच्चार रोखठोक मराठवाडी, आणि बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता अशी थेट, की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. कोणीतरी फोनवर तिचे गाणे चित्रित केले, ते एका फोनवरून दुसऱ्यावर गेले, आणि कोणत्याही कंपनीचे दार न ठोठावता ती महाराष्ट्रभर ऐकली जाऊ लागली. ग्रामोफोनच्या जमान्यात हे घडले नसते. कॅसेटच्या जमान्यातही बहुधा नाही, कारण कॅसेट काढणाऱ्याला साजशृंगार लागे, ढोलकी-ऑर्गनचा ताफा लागे, आणि एकतारीवर एकटी गाणारी बाई हा त्याच्या हिशेबी तोट्याचा माल होता.

पण इथे जमाखर्चाची वही उघडून पाहावी. असे गाणे लाखो लोकांनी पाहिले, म्हणून त्या लाखोंतून गाणाऱ्याच्या पदरात थेट काही पडतेच असे नाही; चित्रफीत ज्याच्या चॅनलवर चढते, जाहिरातीचे पैसे त्याच्या खात्यावर जातात. गाणाऱ्याच्या पदरात पडते ती सुपारी, म्हणजे गावोगावच्या जयंती-उत्सवांची, सभांची, कार्यक्रमांची आमंत्रणे. तमाशाच्या फडाला आणि बँडवाल्यांना जी सुपारी ठाऊक आहे, तीच ही. म्हणजे इंटरनेटवर गाणे फुकट वाटायचे आणि त्या ओळखीवर माणसांसमोर उभे राहून पोट भरायचे. कीर्तनकार, शाहीर, कव्वाल, लग्नातले ऑर्केस्ट्रावाले या सर्वांचा हिशेब कमी-अधिक फरकाने असाच आहे. तबकडीने आणि कॅसेटने मधली काही दशके गाणे हीच विकाऊ वस्तू केली होती. आता ती स्थिती संपून आपण पुन्हा नाथांच्या काळच्या अर्थव्यवस्थेकडे वळलो आहोत, इतकेच की मधे एक जाहिरातदार येऊन बसला आहे. इंटरनेटने गायकाला स्वतंत्र केले असे जे म्हणतात, त्यांना करोनाच्या टाळेबंदीची आठवण द्यावी. सुपारी थांबली तेव्हा पाहणाऱ्यांचे आकडे वाढतच होते, आणि गाणाऱ्यांच्या चुली त्या आकड्यांवर पेटल्या नाहीत.

वर्गणी घेऊन गाणी ऐकवणाऱ्या मंचांचा हिशेब आणखी निराळा. सामान्य श्रोत्याची समजूत अशी, की मी महिन्याला जे पैसे भरतो ते मी ज्यांची गाणी ऐकतो त्यांना जात असतील. तसे होत नाही. गावच्या सगळ्या शेतांचे धान्य एकाच खळ्यावर रचावे आणि अख्ख्या गावात ज्याचा बोलबाला जास्त त्याला त्या प्रमाणात सुपे भरून द्यावीत, तशी ही रीत आहे: सर्व वर्गणी आणि जाहिरातीचे उत्पन्न एकत्र करायचे, त्यातला साधारण दोन-तृतीयांश भाग हक्कदारांसाठी बाजूला काढायचा, आणि देशभर एकूण जितक्या वेळा गाणी वाजली त्यात ज्याचा जितका हिस्सा, तितके त्याचे माप. चितेगावातल्या एखाद्या माणसाने महिनाभर केवळ भारुडेच ऐकली, तरी त्याच्या पैशाचा मोठा वाटा त्याने कधीही न ऐकलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या मालकांकडे जातो. प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याच्याच कलावंतांना द्यावेत, हा प्रयोग साउंडक्लाउडने २०२१ मध्ये केला. मोठ्या मंचांनी तो अद्याप मनावर घेतलेला नाही.

शिवाय स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, की मागील बारा महिन्यांत जे गाणे हजार वेळाही वाजले नाही, त्याला काहीच द्यायचे नाही. नियमामागचे समर्थन समजण्यासारखे आहे, कारण इतक्या थोड्या ऐकण्यावर मिळणारी रक्कम बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतसुद्धा नाही. पण या नियमाखाली येतात किती, हे पाहिले म्हणजे छाती दडपते. ल्युमिनेट या मोजदाद करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगभरच्या मंचांवर १८ कोटी ४० लाख ध्वनिमुद्रणे होती. त्यांपैकी ४ कोटी ५६ लाख त्या वर्षात एकदाही कोणी वाजवली नाहीत, आणि शेकडा ८६ मुद्रणांना हजार किंवा त्याहून कमी ऐकणी लाभली. गाणे जगापुढे ठेवण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही, हे खरे; ठेवलेले गाणे कोणी ऐकावे, अशी तरतूद कोठेही नाही.

कालमानाचाही प्रश्न आहे. तीस सेकंद वाजले की ‘ऐकले’ अशी नोंद होते, आणि दोन मिनिटांच्या गाण्याची व पाऊण तासाच्या विलंबित ख्यालाची नोंद सारखीच. ख्यालगायकाचा षड्ज तीस सेकंदांत नीट लागतही नाही. उलटपक्षी ज्याला या नोंदीवर पोट भरायचे आहे, त्याने प्रस्तावना, आलाप, वाद्यवृंदाचा आरंभीचा तुकडा छाटून पहिल्या दहा सेकंदांत धृपद आणले नाही, तर श्रोत्याचा अंगठा वर सरकलाच. तबकडीनेही गाण्याचा आकार बदलला होता. पण तबकडी लावणारा माणूस निदान तिची बाजू उलटेपर्यंत जागा सोडत नसे.

याच संदर्भात एक गोष्ट मला फार डाचते. आपल्या परंपरेत रचनाकाराचे नाव अखेरच्या कडव्यात येते. नाथांची ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा शेवटी. शाहिरांची छाप शेवटी. वामनदादाही आपले नाव बहुधा शेवटच्या अंतऱ्यात गुंफत. छापखाना नव्हता तेव्हा हाच मालकीहक्काचा दस्तऐवज होता, आणि तो गाण्याच्याच पोटात शिवलेला असल्याने कोणी फाडू शकत नसे. आता अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये धृपद फिरते, आणि नाव असलेले कडवे कोणाच्या कानावर पडतच नाही. चित्रफितीखालच्या माहितीत गायकाचे नाव ठळक, चॅनलचे त्याहून ठळक, ‘लाइक करा, शेअर करा’ ही विनवणी सर्वांत ठळक. कवीच्या जागी पुष्कळदा ‘पारंपरिक’, किंवा काहीच नाही. हयात कवीच्या गीतालाही ही गत येते.

जो पारंपरिक आहे त्याचीही सुटका नाही. यूट्यूबवर २००७ पासून ध्वनीचे ठसे पडताळणारी एक यंत्रणा चालते. एखाद्या कंपनीने तीस वर्षांपूर्वी मुद्रित केलेले भारूड त्या यंत्रणेत नोंदवले असेल, आणि आज एखाद्या तरुणाने तेच भारूड त्याच चालीत गाऊन चढवले, तर ‘क्लेम आला’ म्हणून त्याला कळवले जाते आणि उत्पन्न कंपनीच्या खात्यावर वळते. नाथांच्या शब्दांवर कोणाचा मालकीहक्क नाही, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तो संपतो. कंपनीचा हक्क तिच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणापुरता. पण हा भेद वकिलाला समजतो, यंत्राला समजतोच असे नाही, आणि त्याविरुद्ध दरखास्त करायची तर कोणत्या चौकटीत काय भरावे, हे कोणाला विचारायचे? कीर्तनाची तऱ्हा याच्या उलट. तेथे कीर्तन एकाचे आणि चॅनल भलत्याचेच. इंदुरीकर महाराजांनी आपल्या कीर्तनांच्या फितींवर इतरांनी पैसा केल्याची तक्रार भर कीर्तनातून केली आहे.

कायदा अगदीच निःसत्त्व आहे असे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने, जावेद अख्तर यांच्या पाठपुराव्याला बऱ्याच अंशी यश येऊन, गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला वाटा त्यांना लिहून देऊनही सोडता येणार नाही अशी तरतूद झाली. गायकांनाही कलाप्रयोगाच्या मोबदल्याचा हक्क मिळाला. गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेची वसुली २०२३-२४ मध्ये ७०० कोटी रुपयांपलीकडे गेली. ही रक्कम वाटली जाते ती सभासदांना, आणि सभासद होण्यासाठी आपल्या रचनांची यादी रीतसर नोंदवावी लागते. चित्रपटसृष्टीने ती नोंदवली. जयंतीच्या मंडपामागे बसून गाणी रचणाऱ्यांपैकी किती जणांनी नोंदवली असेल, याचा अदमास वाचकाने स्वतःच करावा.

यशाची उदाहरणेही आहेत, आणि ती उपेक्षू नयेत. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये महाराष्ट्राबाहेरही वाजले. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ स्पिनिन या विदेशी नृत्यसंगीत कंपनीने काढले. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरने, म्हणजे ‘हंड्रेड आरबीएच’ने, रॅपमध्ये वऱ्हाडी बोली आणली. चित्रपटाच्या कुबड्यांशिवाय मराठी गाणे इतक्या दूर गेल्याचे उदाहरण मागल्या दोन-तीन दशकांत मला तरी आठवत नाही. आणि गाणे दूर जाते तेव्हा ते कोणाच्या कानी लागते याचाही नेम नसतो: एप्रिल २०२३ मध्ये याच संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुण रॅपरवर राजकीय पक्षांतरावरील गाण्याबद्दल थेट अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. जलशांवर पूर्वी गावबंदी येत असे. आता शाहीर एका जिल्ह्यात आणि फिर्यादी दुसऱ्यात.

श्रोत्याविषयी लिहिताना जुन्या पिढीचा लेखक गीतरामायणावर येतोच, मीही येतो. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक नवे गीत ऐकण्यासाठी लोक रेडिओला हार घालून बसत, ही हकीकत सर्वांना पाठ आहे. तो सामुदायिक प्रतीक्षेचा आनंद गेला. मला त्याचे दुःख आहे, पण त्याचा देव्हारा करणे मंजूर नाही; कारण त्या वेळी पुणे आकाशवाणीने जे ऐकवले नाही, ते ऐकण्याचा कोणताही मार्ग श्रोत्यापाशी नव्हता. मराठवाड्याच्या बाया जात्यावर काय गातात, हे पुण्याच्या श्रोत्याला केव्हा कळले? गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या हजारो ध्वनिमुद्रित करवल्या. ते भांडार २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने इंटरनेटवर खुले करायला घेतले, तेव्हा. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. मुद्रण १९९६ चे, आणि ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

त्या संग्रहाची मांडणी पाहण्यासारखी आहे. ओवी, तिचे ध्वनिमुद्रण, गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुलेबाळे, व्यवसाय आणि मुद्रणाची तारीख. शक्य असेल तेथे छायाचित्र. ही नोंद ठेवायला कोणतेही अवघड यंत्र लागले नाही. गाणारीला नाव विचारण्याची तसदी घेणारा माणूस लागला. यूट्यूबवर गाणे चढवताना माहिती लिहायला हजारो अक्षरांची जागा फुकट मिळते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याचे कलम ३८-ब गाणाऱ्याला आपले नाव लावून घेण्याचा हक्क देते. कवीला तो कलम ५७ ने आधीपासूनच आहे. येत्या १४ एप्रिलसाठीची गाणी आता मुद्रित होऊ लागतील. ज्यांची चॅनले आहेत त्यांनी त्या जागेत पहिल्या ओळीवर कवीचे नाव लिहावे, आणि कवी कोण हे माहीत नसेल तर गाणे चढवण्यापूर्वी गाणाऱ्याला विचारावे. बहुधा त्याला माहीत असते.